स्थूणाकर्णाने विचारलं



आजचं वाचन : महाभारत, उद्योगपर्व, शिखंडीची कथा.

शिखंडी म्हटलं की डोळ्यांपुढे एकच चित्र येतं : पुढे शिखंडी, मागे अर्जुन आणि समोर शस्त्र न उचलणारे भीष्म. पण त्याच्या कितीतरी आधी हाच शिखंडी एकदा जीव द्यायला निघाला होता. आणि ही हकीकत दुर्योधनाला सांगतात ते स्वतः भीष्म.

द्रुपदाच्या घरी मुलगी जन्मली. ती पुढे पुरुष होईल असा शंकराचा वर होता, म्हणून आईवडिलांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं. दशार्ण देशाच्या राजकन्येशी लग्नही लावून दिलं. खरं काय ते कळल्यावर सासरा हिरण्यवर्मा भडकला, सैन्य घेऊन निघाला. राजवाड्यात रडारड सुरू झाली. हे सगळं आपल्यामुळे, असं शिखंडीच्या मनाने घेतलं आणि तो एकटाच रानात निघून गेला.

इथे मी पुस्तक मिटून थांबलो. स्वतःच्या देहाचा कंटाळा आला म्हणून शिखंडी मरायला निघाला, असं कथेत कुठेच नाही. लोक अंगावर चालून आले, घरचे हवालदिल झाले, आणि आपण सगळ्यांना ओझं झालो असं त्याला वाटलं. दुखणं आत नव्हतं, दारात उभं होतं.

थांबायचं कारण सांगतो. आमच्या बेसातल्या स्कीममध्ये मागच्या आठवड्यात एक ट्रान्सजेंडर ताई भाड्याने फ्लॅट बघायला आली होती. नोकरी करणारी. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर मेसेजेसचा पाऊस. 'फॅमिली लोक राहतात इथं', 'मुलंबाळं आहेत', 'नाही म्हणून टाका ना बाप्पा'. मी सगळं वाचलं आणि काहीच लिहिलं नाही. त्या रात्री नामस्मरणही केलं. हिरण्यवर्म्याच्या सैन्यात मागच्या रांगेत मीही उभा होतो, हे आज कळलं.

घर नाही, काम नाही, घरच्यांनी तोंड फिरवलेलं, रस्त्यात टोमणे : हे एकावर एक साचत गेलं की माणूस शिखंडीसारखा रानाच्या वाटेला लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 ला 'नालसा' निकालात तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. 2019 च्या कायद्याप्रमाणे घर भाड्याने देताना या कारणावरून भेदभाव करता येत नाही. कायदा आहे, पण कुलूप उघडणारा हात आपलाच असतो.

आता रानात काय झालं ते बघा. तिथे स्थूणाकर्ण नावाचा यक्ष राहत होता. त्याने उपदेश केला नाही. हे सगळं कशासाठी चाललंय, एवढं विचारलं. शिखंडी म्हणाला, तुझ्याच्याने होणार नाही. यक्ष हटला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःचं पुरुषत्व ठरावीक काळासाठी त्याला दिलं. त्यापायी पुढे कुबेराचा शापही भोगला. संकट टळल्यावर शिखंडी दिल्या शब्दाप्रमाणे परत आला, तेव्हा यक्षाने त्याला दोष दिला नाही, सुखाने जा म्हणाला.

कोणाचा देह 'दुरुस्त' करावा, असा याचा अर्थ काढू नका. यक्षाने विचारलं, ऐकलं, आणि दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून स्वतःची गैरसोय करून घेतली. आपण घ्यायचं ते एवढंच.

म्हणून कोणी खचलेलं दिसलं, तर सरळ विचारा : जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. मग एकटं सोडू नका. टेली मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो. आणि हे वाचणारी तूच त्या रानात असशील, तर आत्ता लाव. तू ओझं नाहीस गं.

आज सकाळी मी फ्लॅटमालक काकांना फोन केला. म्हटलं, भाडेकरू चांगली आहे, माझी हमी धरा. विचार करतो म्हणाले. ग्रुपवरही तेच लिहिलं. अजून कोणाचं उत्तर नाही.

आजचा संकल्प : एका माणसाला विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

श्री स्वामी समर्थ.