चिमूटभर कोळशात १२ गुंठे

नीरा डाव्या कालव्यावर भिजणाऱ्या वडगाव निंबाळकरात रान किती, हे कुणी चौरस मीटरमध्ये सांगत नाही. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एक आकडा मी आधी गुंठ्यांत मांडून पाहिला. तिथं सतीशचंद्र ओगले यांच्या गटानं २०१३ मध्ये कडुनिंबाच्या वाळल्या पानांचा कार्बन केला. त्याच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ सुमारे १,२३० चौरस मीटर. म्हणजे १२ गुंठे, तेही चिमटीत मावणारे! पानं दळायची आणि हवा लागू न देता तापवायची, एवढीच कृती. एरवी कोळशाला भोकं पाडायला जहाल रसायन घालतात, ते इथं लागलं नाही.

हा कोळसा सुपरकपॅसिटरसाठी. त्यात वीज साठते ती भोकांच्या भिंतींवर: द्रावणातले आयन भिंतीला नॅनोमीटरभर अंतरावर येऊन बिलगतात. रासायनिक बदल जवळपास नाहीच, त्यामुळं काही सेकंदांत भरतो, लाखो वेळा भरतो. पण किलोमागे ऊर्जा लिथियम बॅटरीच्या मानानं फारच थोडी. म्हणून तर सगळी धडपड भिंती वाढवण्याची.

गोम इथंच आहे. सातबाऱ्यावरचं क्षेत्र वेगळं आणि भिजलेलं वेगळं, हे रात्रीच्या पाळीला दारं धरणाऱ्याला सांगावं लागत नाही. खोरं टेकवून तो उभा असतो. सरीच्या शेवटाला पाणी चमकल्याशिवाय दुसरं दारं फोडत नाही. कोळशातही ५० नॅनोमीटरपुढची भोकं म्हणजे चारी, मधली म्हणजे पाट, दोनच्या आतली म्हणजे सरी. नुसत्या सऱ्या असल्या आणि पाटच नसला, तर घाईनं वीज भरताना टेल कोरडाच राहतो. त्यातही गंमत अशी, की आयनापेक्षा अरुंद भोक वाया गेलं असं बरीच वर्षं मानत. २००६ मध्ये उलटं दिसलं: एक नॅनोमीटरहून अरुंद भोकांत साठा वाढतो. आयन अंगावरचं द्रावकाचं घोंगडं दारातच टाकून आत शिरतात.

उसाच्या चोथ्यापासूनही असा कार्बन करतात. पण त्याला ‘टाकाऊ’ म्हणणाऱ्यानं साखर कारखाना पाहिला नसावा. बगॅसवरच तर बॉयलर पेटतो. पाचटाचं निराळं. ते अजून कित्येक रानांत पेटवून देतात, आणि उघड्यावर पेटवलं की कोळसा कुठला, राखच. मला विचाराल, तर पाचट सरीतच कुजवावं. मातीलाही भोकं लागतात. सोडियमनं ती बुजली की रान चोपण होतं: पाणी वर तुंबून राहतं आणि वीतभर खाली माती कोरडी निघते.