बुडवायचीच मूर्ती, मग घडवायची कशाला?

पोळ्याचा दुसरा दिवस हा नागपूरकडचा तान्हा पोळा. लाकडी नंदी सजवून मुले दारोदार फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच गणेश चतुर्थी येते. सुटीच्या दिवशी घरीच गणपती घडवू पाहणाऱ्या हौशी हातांसाठी हाच काळ.

काम सोपे आहे. चिकणमाती चाळायची, भिजवून मळायची, तडे जाऊ नयेत म्हणून पिंजलेला कापूस मिसळायचा. मूर्ती सावलीतच वाळवायची. उन्हात घाई केली की सोंड आधी तडकते.

अवघड आहे तो प्रश्न. जी पाण्यात विरघळवायची, तिच्या डोळ्यांसाठी तासभर कशाला द्यायचा?

चतुर्थीला पुजतात ती मूर्ती पार्थिव, म्हणजे पृथ्वीची, मातीची. प्राणप्रतिष्ठेने त्या मातीत देवत्व येते. विसर्जनाआधीच्या उत्तरपूजेनंतर ती पुन्हा मातीच उरते. मूर्ती टिकावी अशी या विधीची अपेक्षाच नाही.

विनोबा भावे यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. बाहेरच्या कर्माला मनाची जोड, म्हणजे विकर्म, मिळाली की कर्माचे ओझे उरत नाही आणि त्याचेच अकर्म होते, अशी त्यांची मांडणी. ओबडधोबड सोंडेच्या गणपतीला ती नेमकी लागू पडते. विकतची सुबक मूर्ती पूजेला कमी नाही. पण घडवणाऱ्याला सोडून देण्याचा जो सराव होतो, तो विकत मिळत नाही.

यंदा मूर्ती घरीच करा, बादलीत विसर्जित करा आणि ती माती तुळशीला घाला.