कुलपामागची पोरं

जामखेड तालुका अहिल्यानगर जिल्ह्याच्या एका टोकाला आहे. पलीकडे लगेच बीड. पाऊस बेताचा, त्यामुळे दसरा सरला की कोयते बांधून माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. जिल्ह्याला अहमदनगर म्हणत होते, तेव्हाची ही गोष्ट.

त्या तालुक्यातल्या एका गावात पुण्याहून एक संशोधक ताई आली. हिवताप आणि पाच वर्षांखालची मुलं हा तिचा विषय. दिवाळी नुकतीच झाली होती. छापील तक्ते घेऊन ती दारोदार फिरली. पहिला प्रश्न ठरलेला : गेल्या पंधरा दिवसांत लेकराला थंडी वाजून ताप आला होता का? बहुतेक घरांतून उत्तर आलं, ‘नाही.’ जिथं दाराला कुलूप होतं, तिथं ताईनं तक्त्यावर ‘घर बंद’ लिहिलं आणि पुढचं दार गाठलं. पाहणीच्या नियमात तसंच होतं.

चौथ्या दिवशी काम उरकलं. ताप जवळजवळ नव्हताच. ताईला आनंद झाला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. सांडपाण्याला शोषखड्डे होते, आठवड्याला कोरडा दिवस पाळून रांजण पालथे घातले जात होते. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. त्याआधी पाणी ओतून दिलं की अळी मातीतच मरते, हे त्या गावात शेंबडं पोरही सांगायचं.

हे शिकवलं होतं गावच्या आरोग्य सेविकेनं. तिला सगळे मावशी म्हणत. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण ही मावशी अशा पुष्कळ बायका मिळून झालेली आहे. पण तिच्यासारख्यांना कुणी उभं केलं ते सांगायला हवं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला डॉक्टरी शिकलेलं जोडपं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते १९७० साली जामखेडला आले. तेव्हा त्या भागात हजार जन्मांमागे सुमारे १७६ मुलं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. त्यांनी आधी शिकलेल्या नर्सबाईंना खेड्यात ठेवून पाहिलं. ते जमलं नाही. परक्या बाईला गाव आपलं म्हणेना, आणि तिलाही तिथं एकटीनं राहण्याची धास्ती वाटे. मग गावातलीच बाई निवडायची असं ठरलं. त्या बायकांत निरक्षर पुष्कळ, दलित वस्तीतल्याही पुष्कळ. ज्यांना पाणवठ्यावर उभं राहू देत नसत, त्यांच्या हाती गावानं बाळंतपणं सोपवली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या मते पुरस्काराहून मोठी गोष्ट ही, की आपली विद्या बिनपाटीच्या बाईला पेलेल असं त्या दोघांना वाटलं.

तर ताई निघायच्या आदल्या संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर चहाला बसली.

“मावशी, तुमच्या गावात हिवताप उरलाच नाही.”

मावशी उठली आणि आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात चिंचोके होते. पाच वर्षांखालच्या प्रत्येक लेकरामागे एक चिंचोका, असा तिचा हिशेब. ज्याला ताप येऊन गेला त्याचा चिंचोका तिनं जात्यावर घासून पांढरा केलेला.

“तुमच्या कागदावर किती पोरं हाईत?”

ताईनं मोजून सांगितलं. मावशीनं ओट्यावर तेवढे चिंचोके एकीकडं सारले. दुसऱ्या बाजूला बराच ढीग उरला, आणि पांढरे चिंचोके बहुतेक त्याच ढिगात होते.

“ही कुठली?”

“कुलपामागची,” मावशी म्हणाली. “आवं ताई, घर बंद हाय म्हंजी घरातलं पोरगं बंद हाय का? ते आईसंगट फडात गेलंय. तापातच ट्रकवर बसवून नेलं. गोळ्या निम्म्याच पोटात गेल्या. ताप उतरला, बाकीच्या तशाच पदराला.”

ताईला यातलं शास्त्र पाठ होतं. हिवतापाच्या एका जातीचा, व्हायवॅक्सचा, जंतू यकृतात दडून बसतो. क्लोरोक्विननं ताप उतरतो, पण दडलेल्याला हुसकवायला प्रायमाक्विनच्या गोळ्या ठरल्या दिवसांपर्यंत घ्याव्या लागतात. नाहीतर काही महिन्यांनी तोच ताप पुन्हा डोकं वर काढतो. देशाचंही तसंच झालं होतं. १९६१ साली भारतभर हिवतापाचे जेमतेम पन्नास हजार रुग्ण नोंदले गेले. रोग संपत आला असं वाटून हात सैल पडले, आणि १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला. हे सगळं तिनं परीक्षेत लिहिलं होतं. ते आपल्याच तक्त्यात ‘घर बंद’ या दोन शब्दांत बसलेलं असेल, हे तिला सुचलं नव्हतं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मावशी, ही माणसं कोणत्या कारखान्यावर गेलीत?”

“कोणचं घर कुठल्या मुकादमाकडं, ते समदं ठावं हाय मला. येऊ का संगट?”

ताईचा परतीचा एसटीचा बेत राहिला. दोन दिवसांनी दोघी कारखान्याजवळच्या कोप्यांवर पोचल्या. पाचटाच्या खोपटात बायका चुली पेटवत होत्या. ताई तक्ता उघडेपर्यंत मावशी एकेका पोराला नावानं हाक मारत कोपीत शिरलीही होती. तिसऱ्या कोपीत एक पोरगी वाकळीखाली कुडकुडत होती. मावशीनं आधी तिच्या कपाळावर हात ठेवला, मग ताईकडं रक्ताच्या थेंबासाठी काचपट्टी मागितली.

त्या रात्री ताईनं जुन्या तक्त्यातला निष्कर्ष खोडला. नव्या तक्त्यात ‘घर बंद’ या रकान्याशेजारी तिनं आणखी एक रकाना आखला : ‘कुठं गेले?’ तो भरायचं काम मावशीकडं होतं. ती सांगायची, ताई लिहायची.

ऊसतोडीचा हंगाम लागला की नगर-बीडच्या गावांत आजही घरांना कुलपं लागतात.