हळूच उच्चारलेला शब्द

अश्वत्थामा मेला, हे धर्मराजाचे वाक्य खोटे नव्हते. त्या नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता आणि हत्तीचा उल्लेखही त्याने केला. मात्र हळूच, द्रोणांना ऐकू जाणार नाही अशा बेताने. तोवर भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असे महाभारत सांगते. वैद्यकीय संशोधन सामान्य जनांना समजावून सांगण्याचा जो उद्योग आज विद्यापीठांतून चालतो, तो पाहताना या रथाची आठवण होते.

ब्रिटनमधील एक प्रसंग पाहण्याजोगा आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये तेथील औषध-सुरक्षा समितीने काही अभ्यासांच्या आधारे इशारा दिला की, तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. विधान खरे होते. आधीच्या पिढीच्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमागे सुमारे एकीला हा विकार होई. नव्या गोळ्या घेणाऱ्या तितक्याच स्त्रियांत दोघींना. एकाचे दोन म्हणजे दुप्पटच. परंतु घरोघर पोहोचले ते ‘दुप्पट’. ‘सात हजारांमागे’ हे शब्द धर्मराजाच्या हत्तीप्रमाणे गलबल्यात विरून गेले. घाबरलेल्या कित्येक स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. १९९० पासून उतरत असलेली गर्भपातांची संख्या पुन्हा चढली आणि पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले, असा अंदाज आहे. शिवाय गर्भारपणात गुठळीचा धोका या गोळ्यांहून अधिकच असतो!

येथे खोटे कोणीच बोलले नाही. मग प्रश्न असा की, सांगणाऱ्याचे दायित्व वाक्य खरे असण्यापाशी संपते, की ते ऐकणाऱ्याच्या मनात खरे उतरेपर्यंत जाते? न्यायालयात कदाचित पहिले उत्तर चालेल, कारण तेथे साक्षीदाराची उलटतपासणी घेणारा वकील हजर असतो. सकाळी वर्तमानपत्र उघडणाऱ्या गृहिणीजवळ असा वकील नसतो. दुप्पट म्हणजे कितीचे किती, हे विचारण्याचे तिला सुचले नाही, हा तिचा दोष मला वाटत नाही. हा प्रश्न ज्याला ठाऊक आहे, त्यानेच न विचारता उत्तर द्यावयास हवे.

सामान्यांना आकडे कळत नाहीत, अशी सबब यावर नेहमी पुढे येते. ती मला पटत नाही. दहा रुपयांचे दामदुप्पट आणि लाखाचे दामदुप्पट यांतील अंतर न उमजणारा मनुष्य आपल्या कोणत्याही पेठेत सापडणार नाही.

दुसरी सबब पत्रकारांची. कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने तिला मोठाच तडा गेला. ब्रिटनमधील २० अग्रगण्य विद्यापीठांनी २०११ मध्ये काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रके त्यांनी मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिली. प्राण्यांवरील प्रयोगांविषयीच्या पत्रकांपैकी ३६ टक्क्यांत ते निष्कर्ष माणसाला लावताना अतिशयोक्ती झालेली होती. पत्रकात ती असली, की ८६ टक्के बातम्यांत उतरे. नसली, तर १० टक्क्यांतच आढळे. पाणी गढूळ होते ते बहुतांशी उगमापाशीच. अतिशयोक्तीने निदान प्रसिद्धी तरी अधिक मिळते म्हणावे, तर तसाही पुरावा त्यांना फारसा मिळाला नाही. धर्मराजासमोर युद्ध जिंकण्याचा प्रश्न तरी होता.

आपल्यासारख्या परप्रांती रुजलेल्या कुटुंबांत तर अशी बातमी इंग्रजीतून हिंदीत, गुजरातीत वा कन्नडात आणि तेथून घरच्या मराठीत, अशी पायऱ्या उतरत येते. पहिल्या पायरीवर गळालेले ‘सात हजारांमागे’ पुढच्या पायऱ्यांवर सापडत नाही. ते मूळ निबंधात असते. पण तो काढून वाचणारे कोणी घरात असले तर.