भेग आणि रंग

‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण मुलांना व्यवहारचातुर्य म्हणून शिकवितों. परंतु दोष झांकणें व दोष सुधारणें यांत नीतीच्या दृष्टीनें कांहीं अंतर आहे कीं नाहीं, याचा मीं स्वतः फारसा विचार केला नव्हता. तो करावयास लावला एका लाकडी भिंतीनें.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेंत बोस्टनजवळ राहतो. आडव्या फळ्या एकीवर एक चढवून घराच्या बाहेरच्या भिंती मढविण्याची रीत त्या प्रदेशांत जुनी आहे. तेथील डेडहॅम गांवीं १६३७ ते १६४१ च्या दरम्यान बांधलेलें फेअरबँक्स कुटुंबाचें लाकडी घर अद्याप उभें आहे. गेल्या उन्हाळ्यांत मी भावाकडे राहिलों असतां तो आपल्या घराच्या फळ्यांतील बारीक भेगा दुरुस्त करीत होता. ‘वरून नुसता रंग दिला तर भागणार नाहीं काय?’ असें मीं विचारलें. तो म्हणाला, ‘नाहीं दादा, आधीं खरवडलें पाहिजे.’

त्याचें म्हणणें शास्त्रशुद्ध होतें. लाकूड ओलाव्यानें फुगतें व कोरड्या हवेंत आकसतें. या नित्याच्या ओढाताणीनें त्यास भेगा पडतात. हा त्याचा अपराध नव्हे, स्वभाव होय. अपराध घडतो तो आपल्या हातून. भेगेवर रंग फासला कीं भिंत नवी दिसते. पण लौकरच तो रंग तडकतो, पाणी आंत शिरतें आणि रंगाच्याच थरामुळें तेथें कोंडून राहतें. मग बुरशी लाकूड आंतून खाते, आणि बाहेरून फळी साजरी दिसत राहते! म्हणून लाकूड पुरतें वाळूं द्यावें, सुटलेला रंग खरवडावा, उघड्या लाकडास अस्तराचा हात द्यावा, लवचीक लुकण भरावें आणि मगच रंग लावावा. मात्र जेथें एक फळी दुसरीवर येते, तेथील खालची फट बुजवूं नये. आंतला ओलावा तेथूनच बाहेर पडतो.

आईच्या अखेरच्या आजारांत भाऊ येऊं शकला नव्हता. तो सल मीं दहा वर्षें गोड शब्दांखालीं झांकला होता, आणि त्यालाच मी सौजन्य समजत होतों. त्या रात्रीं मीं विषय काढला. तें बोलणें सुखाचें झालें नाहीं. तो रडला, मलाही कांहीं गोष्टी ऐकून घ्याव्या लागल्या, आणि त्या खऱ्या होत्या.

चारचौघांपुढें दोष झांकावा, याला माझी हरकत नाहीं. परंतु ज्याच्याशीं तो संबंधित आहे त्याच्यापासूनच तो झांकणें ही सभ्यता नव्हे, आळस आहे. सगळेंच बोलून टाकावें असेंही नाहीं; कांहीं फटी मोकळ्याच राहूं द्याव्या लागतात. भेग कोणती व फट कोणती, हें ओळखण्यासाठीं मात्र भिंतीजवळ जावें लागतें.