संशोधक कोणाचा?

एखाद्या गांवच्या पाण्याविषयीं शंका उत्पन्न झाली असतां विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं तेथील लोकांच्या जोडीनें तिचा शोध घ्यावा, या कल्पनेस हल्लीं कोणी विरोध करीत नाहीं. ती इतकी सर्वमान्य झाली आहे कीं, तिच्या पोटांत दडलेल्या अवघड प्रश्नाकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. लोकांच्या बरोबर शोधास निघालेला विद्यार्थी अखेर बांधलेला कोणाला? लोकांना कीं सत्याला? दोन्ही एकच, असें म्हणणें सोपें आहे. आणि जोंपर्यंत दोहोंची वाट एक असते तोंपर्यंत तें खरेंहि असतें.

अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत फ्लिंट नांवाचें शहर आहे. पूर्वीं तेथें डेट्रॉइटमार्फत ह्यूरन सरोवराचें पाणी येई. खर्च वांचावा म्हणून २५ एप्रिल २०१४ पासून गांवच्या नदीचें पाणी नळांस सोडण्यांत आलें. नळ आंतून झिजूं नयेत म्हणून जें द्रव्य पाण्यांत मिसळावयाचें, तें मात्र मिसळलें गेलें नाहीं. जुन्या नळांतील शिसें पाण्यांत उतरूं लागलें. पाण्याला रंग आला, वास आला, मुलांच्या अंगावर पुरळ उठलें; अधिकारी मात्र पाणी निर्धोक असल्याचें सांगत राहिले. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत मोटारींच्या इंजिनांच्या एका कारखान्यानें, यंत्रांचे भाग गंजतात म्हणून, तें पाणी घेणें सोडून दिलें. लोखंडाची तक्रार ऐकली गेली. माणसांची ऐकली जाण्यास आणखी एक वर्ष लागलें.

२०१५ सालीं एका गृहिणीच्या घरच्या पाण्याची परीक्षा व्हर्जिनिया टेक विद्यापीठांतील प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांनीं केली. पुढें त्यांच्या विद्यार्थ्यांनीं बाटल्यांचे ३०० संच फ्लिंटला पाठविले. प्रत्येक संचांत तीन बाटल्या. कित्येक तास नळांत थांबलेलें पाणी प्रथम सुटतें तें पहिलींत, ४५ सेकंदांनंतरचें दुसरींत, २ मिनिटांनंतरचें तिसरींत. हे संच घरोघर वाटण्याचें व गोळा करण्याचें काम रहिवाशांनींच अंगावर घेतलें, आणि थोड्याच आठवड्यांत २५० हून अधिक परत आले. सरकारी तपासणीच्या सूचनेंत नमुना घेण्यापूर्वीं नळ कांहीं वेळ सोडून ठेवण्यास सांगितलेलें होतें. म्हणजे सांचलेलें शिसें मोजणीपूर्वींच मोरींतून वाहून जाई! पहांटे उठून तान्ह्या मुलाच्या दुधासाठीं पाणी घेणारी आई असा नळ सोडून ठेवीत नसते. आम्हांस वाटतें, लोकांच्या सहवासानें विद्यार्थ्यांस जें मिळतें तें हें. ती नुसती मेहनतीची मदत नव्हे. प्रश्न कोठून विचारावा हेंच त्यास समजतें. कचेरींतून विचारलेला प्रश्न आणि स्वयंपाकघरांतून विचारलेला प्रश्न हे दोन निराळे प्रश्न आहेत.

दर दहा घरांमागें एका घरीं शिसें अब्ज भागांत सुमारें २७ भाग किंवा त्याहून अधिक निघालें. कायद्यानें जेथें उपाय करणें भाग पडे तें प्रमाण त्या वेळीं १५ भागांचें होतें. पाठोपाठ तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतीशा यांनीं मुलांच्या रक्तांतील शिशाचें वाढतें प्रमाण दाखवून दिलें, आणि १६ ऑक्टोबर २०१५ रोजीं सरोवराचें पाणी परत आलें.

येथवर सारें सरळ आहे. पुढें त्याच प्राध्यापकांच्या मोजणींत शिसें उतरत चालल्याचें दिसलें व त्यांनीं तसें सांगितलें. पूर्वीं त्यांच्या खांद्याला खांदा लावणाऱ्यांपैकीं कित्येकांस तें पटलें नाहीं. ज्यांना दीड वर्ष खोटें सांगण्यांत आलें, त्यांना ‘पाणी सुधारत आहे’ हें वाक्य जुन्या अधिकाऱ्यांच्याच तोंडचें वाटावें यांत नवल तें काय? २०१८ सालीं कांहीं रहिवाशांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एडवर्ड्स यांच्या वर्तनाविरुद्ध जाहीर पत्र काढलें. एडवर्ड्स न्यायालयांत गेले. २०१९ सालीं त्यांचा दावा फेटाळला गेला.

कोणी म्हणेल, कृतज्ञता म्हणून तरी संशोधकानें मौन पाळावयाचें होतें. तें आम्हांस मान्य नाहीं. जो लोकांना नावडता आकडा दडवितो, त्याच्या आवडत्या आकड्यावर तरी विश्वास कां ठेवावा? २०१५ च्या आकड्याला जी किंमत आली ती तो उलट निघाला असता तरी सांगितला गेला असता, यामुळेंच. परंतु न्यायालयाची पायरी चढणें ही गोष्ट निराळी. विद्वानाला आपल्या नांवाची अब्रू प्रिय असावी हें आम्ही समजूं शकतों; पण संशयाची संवय ज्यांना दुसऱ्यांनीं लावली, त्यांच्या संशयाला उत्तर दाव्यानें द्यावयाचें नसतें. विद्यार्थी पदवी घेऊन परत जातो, नळ मात्र रहिवाशांच्या घरीं राहतो. प्रश्न त्यांनीं दिला असेल तर उत्तराशीं भांडण्याचा अधिकारहि त्यांचाच, आणि तें भांडण ऐकत बसणें हा संशोधनाचाच भाग नव्हे काय?

आमच्या इकडे पदवीच्या विद्यार्थ्यांस पर्यावरणाचा अभ्यासक्रम असतो, व जवळपासची एखादी नदी किंवा दूषित जागा पाहून टिपण करण्याची त्यांत योजना आहे. शेजारच्या एका मुलीनें आपली वही आम्हांस दाखविली. ओढ्याचें वर्णन सुरेख होतें. अक्षर त्याहून सुरेख. “ज्यांच्या वस्तीवरून हा ओढा वाहतो, त्यांना हें वाचून दाखविलेंस का?” असें विचारतां ती गोंधळली. “काका, हें तर गुणांसाठीं होतें.”

पण मुलगी मनाची चांगली. पुढच्या रविवारीं ती वही घेऊन तेथें गेली. एका म्हातारीनें सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “मग पोरी, या पाण्यानें भांडीं घासूं कीं नको?” तें वहींत कोठेंच नव्हतें.