उतार हा दोष कोणाचा?

मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीचे जे नियम १८४७ साली विंगेट, गोल्डस्मिड व डेव्हिडसन या अधिकाऱ्यांनी आपल्या संयुक्त अहवालात नक्की केले, त्यांत देशावरील जिराईत जमिनीची प्रत ठरविण्याची रीत मोठी सुटसुटीत होती. मातीचा पोत व रंग पाहून तिच्या तीन जाती करावयाच्या, खणून खोली हातांत मोजावयाची, आणि पावणेदोन हात खोल, काळ्याभोर, एकजीव मातीस सोळा आणे धरून तेथून उतरत उतरत पातळ, भरड, मुरमाड मातीस दोन आण्यांवर आणून सोडावयाचे. अशा एकंदर नऊ प्रती होत. शिवाय शेताच्या एखाद्या भागात काही दोष आढळला, तर तेथे खूण करून ती जमीन दर दोषामागे एकेक प्रत खाली उतरवावयाची. चुनखड हा दोष, वालसर हा दोष, उपळवट हा दोष. आणि याच मालिकेत उतरवट, म्हणजे जमिनीस उतार असणे, हाही दोषच.

प्रतबंदीच्या कारकुनास हा शब्द लिहिताना काही विचार पडला असेल असे वाटत नाही. नांगर, पाभर आणि सारा या तिहींच्या दृष्टीने उतार हा दोष आहे यात संशय नाही. परंतु सह्याद्रीच्या अंगावरील जी जमीन मुळी उतारानेच घडली, जिच्यावर ऐन, किंजळ, अंजनी व हिरडा यांचे रान उभे आहे, तिला उतरवट म्हणून एक प्रत खाली ढकलणे म्हणजे माशास पंख नाहीत म्हणून त्याची प्रत उतरविण्यासारखे नव्हे काय? वस्तूचे वर्णन कोठे संपते आणि तिचा निवाडा कोठे सुरू होतो, हा प्रश्न माणसांच्या बाबतीत पुष्कळांनी पुष्कळ वेळा विचारला आहे. तो जमिनीच्या बाबतीतही विचारण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते. कारण निवाडा लागलेल्या जमिनीवर पुढे माणसेच राहत असतात.

प्रथम वर्णनाचा विचार करू. आज मातीचे वर्णन करणारे शास्त्र रानातील उतारावर खड्डा घेते, त्याच्या उभ्या कापाचे थर पाहते, आणि दगडांची चांगली नोंद ठेवते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मार्गदर्शिकेत दगडांचे आकारावरून बारीक खडीपासून मोठ्या धोंड्यापर्यंत विभाग पाडलेले आहेत, आणि प्रमाणावरूनही ‘अत्यल्प’ म्हणजे शेकडा दोनपर्यंत, तेथपासून शेकडा ऐंशीच्या वरपर्यंत पायऱ्या लावलेल्या आहेत. येथवर सर्व ठीक. पण तोच नमुना प्रयोगशाळेत गेला म्हणजे दोन मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून चाळला जातो. खाली पडते ती ‘बारीक माती’, वर राहतो तो दगड. पृथक्करण मातीचे होते, आणि दगड वजन करून बहुधा टाकून दिला जातो. दोन मिलिमीटर ही काही निसर्गाने आखलेली रेघ नव्हे. ती सोयीची रेघ आहे, आणि सोयीची म्हणून ती असावीच. पण सोयीच्या रेघेस हळूहळू सत्याची प्रतिष्ठा येते, हे मात्र विसरता कामा नये.

आमच्याकडील नैयायिक या बाबतीत अधिक सावध होते. अन्नंभट्टाने तर्कसंग्रहात पृथिवीचे विषय सांगताना माती आणि पाषाण यांचा एकाच दमात उल्लेख केला आहे. पुढे कोणी शंका घेतली की, गंध हे जर पृथिवीचे लक्षण, तर दगडास गंध कोठे आहे? त्यावर, दगडाचे भस्म केले असता त्यास गंध येतो, तेव्हा तो दगडातही अप्रकट असलाच पाहिजे, असे उत्तर दिले गेले. या उत्तराचे आज कोणास हसू येईल. तथापि त्यामागील आग्रह हसण्याजोगा नाही. लक्षणात बसत नाही म्हणून वस्तू फेकून न देता, लक्षणच पुन्हा तपासून पाहण्याचा तो आग्रह आहे.

आणि डोंगरउतारावर ही तपासणी निकडीची होते. हेक्टरभर जमिनीचा वरचा तीस सेंटिमीटरांचा थर घेतला, तर त्याचे घनफळ तीन हजार घनमीटर भरते. त्यात चार दशांश दगड असतील, तर माती उरली अठराशे घनमीटर. दगड हिशेबात न धरता बारीक मातीच्या पृथक्करणावरून त्या रानात सेंद्रिय द्रव्य किती आहे हे कोणी काढू लागला, तर तो रानास दीडपटीहून अधिक श्रीमंत ठरवील. उलट, दगड म्हणजे निव्वळ रिकामी जागा असे धरावे, तरी चूकच. कुजलेला काळा पाषाण, ज्यास आपण मुरूम म्हणतो, तो आपल्या अंगी पाणी धरतो. पृष्ठावर मोकळा पडलेला दगड पावसाच्या थेंबाचा मार स्वतः झेलतो, खालची ओल उडू देत नाही, आणि त्याच्या कडेने पाणी आत जाते. मात्र तोच दगड थापल्या गेलेल्या मातीत घट्ट रुतलेला असला, तर पाणी आत न जाता वरूनच वाहून जाते. शिवाय झाडाचे मूळ बारीक मातीशी थांबत नाही. कातळाच्या भेगेत शिरून ते तेथे पाणीही शोधते आणि नांगरही टाकते. तात्पर्य, चाळणीच्या वर राहिलेल्या वस्तूवाचून त्या उताराचे काहीच कळत नाही.

आता वर्गीकरणाकडे वळू. जागतिक मृदावर्गीकरणात अशा जमिनींस ‘लेप्टोसोल’ म्हणतात. ग्रीक भाषेत लेप्टोस म्हणजे पातळ. पंचवीस सेंटिमीटरांच्या आत सलग कातळ लागला, अथवा पाऊण मीटर खोलीपर्यंत बारीक मातीचे प्रमाण घनफळाच्या पाचव्या हिश्शाहून कमी भरले, की जमीन या गटात गेली. सुमारे १६५ कोटी हेक्टर क्षेत्राचा हा गट पृथ्वीवरील सर्वांत विस्तीर्ण मृदागट मानला जातो. म्हणजे आपण ज्यास अपवाद समजतो, तीच एका अर्थी नेहमीची जमीन, आणि कृष्णाकाठची काळी माती हा अपवाद! अमेरिकन पद्धतीत हीच जमीन ‘एंटिसोल’ या वर्गात, म्हणजे जिच्यात अद्याप निराळे थर घडले नाहीत अशा ‘अलीकडील’ जमिनींत जाते. या ‘अद्याप’ शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. जणू काही ही जमीन काळ्या मातीच्या वाटेवर निघालेली असून मध्येच रेंगाळली आहे! वस्तुतः तीव्र उतारावर जितके घडते तितके पावसाने खाली जाते. ती तेथे बाल्यावस्थेत नसून आपल्या स्थितीतच आहे.

न्यायशास्त्रात जाती आणि उपाधी असा भेद केलेला आहे. गोत्व ही गाईच्या ठायी असलेली जाती. पण पाचकत्व, म्हणजे स्वयंपाकी असणे, ही उपाधी. तो मनुष्य स्वयंपाक करतो म्हणून आपण त्यास पाचक म्हणतो; चूल सोडली की तो पाचक राहिला नाही. जमिनीच्या प्रती या आमच्या मते सर्वस्वी उपाधी होत. ‘दोन आण्यांची जमीन’ हे नाव जमिनीच्या पोटातून निघालेले नाही. कोणीतरी तिला एक प्रश्न विचारला, त्याचे ते उत्तर आहे. यास्तव वर्गीकरण करणाराचे पहिले कर्तव्य हे की, उत्तराबरोबर प्रश्नही लिहून ठेवावा. १९६१ साली अमेरिकेत जमिनीच्या कुवतीचे जे आठ वर्ग प्रसिद्ध झाले, त्यांत हा प्रामाणिकपणा पुष्कळ अंशी आहे: सातवा वर्ग लागवडीस नालायक, परंतु चराई व वन यांस योग्य, आठवा वन्यजीव, जलसंचय व विहार यांस राखावा, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

प्रश्न गळून पडला आणि उत्तर तेवढे उरले, म्हणजे काय होते हे आमच्याच इतिहासात दिसते. येथे एक गंमत सांगितली पाहिजे. ज्या काळी प्रतीवरून सारा बसत असे, त्या काळी आपली जमीन हलकी ठरावी हीच कुणब्याची इच्छा असे. दोष जितके अधिक तितका सारा कमी. पोटखराब म्हणून जो तुकडा वगळला गेला, तो साऱ्यातून सुटला. कोकणातील वरकस जमिनीवर नाचणी-वरी पिकवून व तेथील टाळ तोडून भाताच्या रोपास राब भाजून माणसे जगत. रायगडातील दळीच्या उतारांवर, जेथे नांगर चालणे नाही, तेथे ठाकूर-कातकऱ्यांची कुदळ चाले. सरकारी दप्तरातील हिणकस नाव ही त्या जमिनीची एक प्रकारे ढालच होती.

पुढे साऱ्याचे महत्त्व सरले. परंतु नाव दप्तरात तसेच राहिले, आणि त्याचा अर्थ उलटला. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. पुढे देशभरच्या पडीक जमिनींचे नकाशे निघाले, व त्यांत ‘ओसाड खडकाळ’ असा एक वर्ग आला. या उद्योगातील हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. उघड्या टेकड्यांवर झाडे लावावीत या इच्छेस कोण नावे ठेवील? पण ‘पडीक’ म्हटले की ती कोणाची तरी वाट पाहत पडली आहे असे वाटू लागते. जी जमीन कमी साऱ्याकरिता हलकी म्हणून लिहिली, तीच आता हलकी म्हणून खाणीस, रस्त्यास, बंगल्यांच्या वसाहतीस मोकळी दिसू लागते. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांत महादेव कोळ्यांची कुटुंबे उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून वर्षाच्या मिठामिरचीची सोय करतात. तो हिरडा ज्या दगडाळ उतारावर येतो, त्याची किंमत सोळा आण्यांच्या मापाने कशी करावयाची?

आणखीही एक गोष्ट या मापात बसत नाही. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या मिल्ने या मृदाशास्त्रज्ञाने १९३५ च्या सुमारास असे दाखविले की, डोंगरमाथ्यापासून दरीपर्यंतच्या जमिनी या सुट्या वस्तू नसून एक साखळी आहे. वरची जी गमावते ते खालची मिळविते. खाचरातील ज्या खोल मातीस वरची प्रत मिळते, ती माती डोंगराने उतरवून दिलेली असते. खालच्याची प्रतिष्ठा वरच्याच्या क्षयावर उभी असून, ज्याने दिले त्यासच दोन आणे, हा न्याय मोठा विलक्षण आहे.

येथे कोणी म्हणेल की, प्रत ही जर उपाधीच, तर ज्याने त्याने आपल्या सोयीप्रमाणे जमिनीस हवे ते म्हणावे. उताराचा दोष हा शेवटी पाहणाराच्या डोळ्यांतला. हे मात्र आम्हांस मुळीच मान्य नाही. प्रश्न आपण निवडतो, उत्तर डोंगर देतो. ‘येथे गहू होईल काय’ असे विचारल्यास तो नाही म्हणतो. ‘येथे हिरडा वाढेल काय’ असे विचारल्यास होय म्हणतो. आणि ‘येथे पायथ्याशी घर बांधून निजावे काय’ असे विचारल्यास तो काय म्हणतो, ते ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावाने, २२ जुलै २०२१ रोजी महाडनजीकच्या तळियेने आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीने ऐकले. एकट्या माळीण गावात दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. अशा ठिकाणी उतार हा दोष आहे, हे कोणत्याही दृष्टिभेदाने पुसता येणारे नाही.

परंतु हा तिसरा प्रश्न विचारावयाचा, तर वर्णनही निराळे हवे. पावणेदोन हातांवर अथवा पंचवीस सेंटिमीटरांवर थांबून चालणार नाही. कुजक्या मुरमाचा थर किती जाड आहे, त्याखालचा घट्ट कातळ कोणत्या बाजूस कलला आहे, दोहोंच्या सांध्यात पाणी साचते की वाहून जाते, हे पाहावे लागेल. उतार किती याइतकेच त्यावर काय उभे आहे, हेही नोंदवावे लागेल. कारवीच्या दाट मुळांनी बांधलेला उतार आणि नुकतीच तोड झालेला उतार हे मोजपट्टीस सारखेच दिसतात. तोडलेल्या झाडांची मुळे जमिनीत काही वर्षे टिकतात, नंतर कुजतात, आणि उताराची पकड सुटते ती तोडीच्या दिवशी नव्हे, तर त्या कुजण्याबरोबर. तोवर तोड कोणी केली याची आठवणही बुजलेली असते.

१८४७ च्या यादीतील एक शब्द येथे पुन्हा पुढे येतो. उपळवट, म्हणजे जमिनीतून पाणी पाझरत राहणे, या दोषाबद्दल त्या वेळी एक प्रत कापली जाई, आणि काम संपे. डोंगरपायथ्याच्या वस्तीत आज तोच शब्द सर्वांआधी विचारावा लागेल: यंदा नव्या ठिकाणी पाणी फुटले काय, जुना झरा एकाएकी गढूळ झाला काय, वरच्या अंगास जमिनीस भेग पडली आहे काय, झाडे कलली आहेत काय. या प्रश्नांची उत्तरे वाडीतील गुराख्यासही देता येतात. ती लिहून घेण्याकरिता दप्तरात एक नवा रकाना पाहिजे, आणि पाऊस लागण्यापूर्वी त्या चढणीवर जाणारा कोणी पाहिजे.